शहरातील रस्त्यांचे जाळे आणि वाहतूक कोंडी नकाशावर मोजण्याचे काम: प्रकल्प नोंदी

शहराच्या मध्यवर्ती भागातील सुमारे २४ चौरस किलोमीटर क्षेत्राचे रस्त्यांचे जाळे संगणकावर उभे करायचे, सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत कोणत्या रस्त्यावर नेमका किती वेळ वाया जातो हे मोजायचे आणि ते रस्त्यांबाबत निर्णय घेणाऱ्याला उपयोगी पडेल अशा नकाशावर मांडायचे, असे हे काम होते. आम्ही तिघे होतो आणि तिघांनीही आपापली नोकरी सांभाळून संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी काम केले. सॉफ्टवेअरवर काहीही खर्च झाला नाही, कारण नकाशे हाताळणारे क्यूजीआयएस, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत रस्त्यांचे जाळे बांधणारे ओएसएमएनएक्स आणि पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसवर चालणारे, मार्ग काढणारे पीजीरूटिंग ही तिन्ही साधने मोफत आहेत, आणि मूळ नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा, घेतला. खर्च झाला तो वेळेचा. हेच काम दुसऱ्या कोणी हाती घेतले तर त्यांचा वेळ आमच्याइतका जाऊ नये, म्हणून चुकांच्या नोंदी सविस्तर ठेवल्या आहेत.

६ जानेवारी, सोमवार

पहिली बैठक. नकाशा उघडण्याआधी कोंडी कशाला म्हणायचे यावरच दीड तास गेला. एका सहकाऱ्यांच्या मते वेग ताशी १५ किलोमीटरच्या खाली गेला की कोंडी. दुसऱ्यांच्या मते सिग्नलला दुसऱ्यांदा थांबावे लागले की कोंडी. पहिली व्याख्या घेतली असती तर जुन्या वस्तीतील सगळ्या अरुंद गल्ल्या लाल दिसल्या असत्या, आणि तिथे तर मध्यरात्रीही कोणी त्याहून वेगाने जात नाही. शेवटी असे ठरले की गर्दीच्या वेळी लागणाऱ्या वेळातून तोच रस्ता मोकळा असताना लागणारा वेळ वजा करायचा आणि उरलेला विलंब दर किलोमीटरला किती सेकंद या मापात लिहायचा. ही व्याख्या आम्ही शेवटपर्यंत बदलली नाही.

ओपनस्ट्रीटमॅपची माहिती उतरवून ठरलेल्या सीमेवर कापून घेतली. ही चूक होती, पण ते बारा दिवसांनी कळले.

८ जानेवारी, बुधवार

रस्त्यांची लांबी काढली आणि अॅट्रिब्यूट टेबलात प्रत्येक रस्त्यासमोर ०.००३, ०.००७ असे आकडे आले. माहिती ईपीएसजी ४३२६ या स्थान लिहिण्याच्या पद्धतीत, म्हणजे अक्षांश-रेखांशांच्या अंशांत होती, त्यामुळे लांबीही अंशांतच आली. ही चूक लगेच दिसते. त्यानंतर केलेली चूक मात्र दिसत नाही. पार्श्वभूमीचा नकाशा ईपीएसजी ३८५७ या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याच्या पद्धतीत होता म्हणून आम्ही रस्त्यांचा थरही त्याच प्रक्षेपणात बदलून घेतला; आकडे मीटरमध्ये आले, दिसायला बरोबर वाटले, आणि आम्ही पुढे गेलो. या प्रक्षेपणात विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितकी लांबी फुगत जाते: २० अंश अक्षांशावर सुमारे ६ टक्के, तर ६० अंशांवर थेट दुप्पट.

हे लक्षात आले ते योगायोगाने. एका सहकाऱ्यांनी क्यूजीआयएसमध्ये ‘$लेंग्थ’ वापरून स्तंभ भरला होता आणि मी ‘लेंग्थ($जिऑमेट्री)’ वापरून. दोन्ही स्तंभ जुळेनात. पहिले सूत्र प्रकल्पात निवडलेल्या एलिप्सॉइडवर, म्हणजे पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागावर लांबी मोजते. दुसरे थर ज्या प्रक्षेपणात आहे त्याच्या सपाट कागदावर मोजते. आम्ही आमच्या भागाच्या यूटीएम पट्ट्यात (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून प्रत्येकाला स्वतंत्र प्रक्षेपण देणारी पद्धत) सगळे थर बदलून घेतले, तेव्हा दोन्ही आकडे जवळजवळ एक झाले. यूटीएमच्या मध्य रेखावृत्तावर प्रमाण ०.९९९६ असते, म्हणजे किलोमीटरमागे फरक अर्ध्या मीटरच्या आत राहतो, आणि आमच्या कामाला तो चालतो. खात्रीसाठी एका सरळ रस्त्याचे अंतर मोजचाकाने प्रत्यक्ष मोजून पडताळले. एक संध्याकाळ गेली.

११ आणि १२ जानेवारी, शनिवार-रविवार

या दोन दिवसांत आम्ही चांगली माहिती आमच्याच हातांनी बिघडवली, म्हणून ही नोंद जरा लांब आहे.

रस्ते शेपफाइल या नकाशा-फाइलच्या प्रकारात साठवले होते. पडद्यावर दोन रस्ते एकमेकांना टेकलेले दिसतात, पण चौक खूप मोठा करून पाहिला की मध्ये वीत-दोन विती अंतर उरलेले असते, आणि संगणकाच्या लेखी एवढे अंतर म्हणजे रस्ता तुटलेला असतो. एकमेकांशी न जोडलेले असे किती तुकडे आहेत हे मोजले तर ते २१२ निघाले. म्हणून ग्रास या नकाशा-सॉफ्टवेअरच्या ‘व्ही-क्लीन’ साधनाने दोन कामे केली: जिथे दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे त्या तोडायच्या, आणि जवळची टोके ओढून एकत्र आणायची. ओढण्याची मर्यादा पहिल्यांदा १० मीटर ठेवली. तुकडे २१२ वरून ९ वर आले आणि आम्ही खूश झालो.

रविवारी सकाळी मार्ग काढून पाहू लागलो. एका मार्गाची वेळ फारच कमी आली म्हणून तो पडद्यावर रेखाटला, आणि शेजारी बसलेले सहकारी म्हणाले, “अहो, हा रस्ता पुलाखालून जातो, पुलावर चढत नाही.” खरेच, आमची गाडी उड्डाणपुलाच्या मधोमध थांबून सरळ खालच्या रस्त्यावर उतरत होती. रेषा छेदल्या तिथे तोडायच्या असे आम्ही सांगितले होते. वरून पाहिल्यावर पूल आणि खालचा रस्ता एकमेकांना छेदतातच, त्यामुळे तिथे चौक तयार झाला. असे खोटे चौक १७ सापडले. १० मीटरच्या मर्यादेमुळे त्यात आणखी भर पडली होती: मुख्य रस्ता आणि त्याला समांतर जाणारा सर्व्हिस रोड सहा ठिकाणी एकमेकांत मिसळून गेले होते.

मूळ माहितीत हा दोष नव्हता. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये दोन रस्ते तेव्हाच जोडलेले मानतात जेव्हा त्यांच्यात एक नोड (नकाशातला क्रमांक असलेला बिंदू) सामाईक असतो. पूल आणि खालचा रस्ता यांच्यात तो नसतो, आणि पुलावर ‘ब्रिज’ व ‘लेयर’ या खुणाही लिहिलेल्या असतात. शेपफाइलमध्ये नेताना नोडचे क्रमांक हरवले आणि उरल्या नुसत्या रेषा. त्या फाइलमध्ये स्तंभाचे नाव दहा अक्षरांपुढे कापले जाते, त्यामुळे दोन स्तंभांची नावे सारखी दिसू लागली आणि कोणता कशाचा हेही कळेनासे झाले. शेपफाइल सोडून दिली. मूळ माहितीवरून नोडच्या आधारे ओएसएमएनएक्समध्ये जाळे नव्याने बांधले आणि साठवण जिओपॅकेज या दुसऱ्या फाइल प्रकारात केली. आता सुटे तुकडे फक्त १४ राहिले. ते एकेक करून पाहिले, त्यांतील ५ खरोखरच बंदिस्त आवार होते आणि ९ ठिकाणी नकाशात जोडणी राहून गेली होती. ती ओपनस्ट्रीटमॅपवरच दुरुस्त केली, म्हणजे पुढे येणाऱ्याला दुरुस्त नकाशाच मिळेल. सतरा तास गेले.

१५ जानेवारी, बुधवार

जाळे पोस्टजीआयएसमध्ये नेले आणि पीजीरूटिंगने ठिकाणांच्या ४० जोड्यांचे मार्ग काढले. प्रत्येक जोडीत जाण्याची आणि येण्याची वेळ तंतोतंत सारखी आली. ज्या भागात निम्मे रस्ते एकेरी आहेत तिथे असे होणे शक्य नाही.

कारण साधे होते. ओएसएमएनएक्स दुहेरी रस्त्यासाठी दोन दुवे (नोडांना जोडणाऱ्या रेषा) तयार करते, एक जाणारा आणि एक येणारा. एकेरी रस्त्यासाठी एकच. म्हणजे दिशा आधीच हिशेबात घेतलेली असते. आम्ही मात्र प्रत्येक दुव्याला ‘कॉस्ट’ (सुलट दिशेची किंमत) आणि ‘रिव्हर्स कॉस्ट’ (उलट दिशेची किंमत) सारखेच दिले होते, त्यामुळे सगळे एकेरी रस्ते दुहेरी झाले. पीजीरूटिंगमध्ये उलट दिशेची किंमत ऋण ठेवली की ती दिशा बंद होते. सर्वत्र उणे १ टाकले आणि काम मार्गी लागले. जाण्याची आणि येण्याची वेळ ताडून पाहणे ही पाच मिनिटांची परीक्षा आहे. जाळे तयार झाल्याझाल्या ती घ्यावी.

वळणबंदीचे मात्र इतक्यात भागले नाही. अमुक रस्त्यावरून तमुक रस्त्याकडे वळता येत नाही, ही माहिती ओपनस्ट्रीटमॅपमध्ये रस्त्यावर न लिहिता वेगळ्या ‘रिलेशन’मध्ये लिहिलेली असते, आणि ओएसएमएनएक्स ती जाळ्यात घेत नाही. आमच्या क्षेत्रात अशा २३ नोंदी होत्या. त्या वेगळ्या काढून पीजीरूटिंगच्या वळणबंदी मानणाऱ्या फंक्शनला दिल्या. पुढे फिरताना आणखी ८ चौकांत वळणबंदीचे फलक दिसले, ज्यांची नकाशात नोंदच नव्हती.

१८ जानेवारी, शनिवार

सीमेवरचे मार्ग विचित्र येत होते. पूर्व टोकाच्या दोन वसाहतींमधला मार्ग आधी शहराच्या मध्यात येऊन मग परत जात होता, कारण त्यांना जोडणारा बाहेरचा रस्ता आम्ही ६ तारखेला सीमेवर कापून टाकला होता. सीमेबाहेरचा २ किलोमीटरचा पट्टा धरून माहिती पुन्हा उतरवली. निकाल आतल्याच क्षेत्राचे दाखवायचे, पण हिशेबात बाहेरचा पट्टा हवाच. ११ तारखेपासूनच्या सगळ्या पायऱ्या पुन्हा कराव्या लागल्या. सुदैवाने दुसऱ्या वेळी सगळे पायथनमध्ये लिहून ठेवले होते, म्हणून चार तासांत झाले. क्यूजीआयएसमध्ये माऊसने केलेली कामे मात्र आठवून आठवून करावी लागली.

त्याच दिवशी आणखी एक दोष निघाला. सिग्नलवर थांबण्याचे म्हणून आम्ही प्रत्येक सिग्नल-चौकाला ३० सेकंद जोडले होते. दुभाजक असलेला रस्ता नकाशात दोन समांतर एकेरी रेषांनी काढलेला असतो, आणि असे दोन रस्ते जिथे मिळतात तिथे एका चौकाचे चार नोड होतात. सरळ जाणारी गाडीही त्यांतले दोन ओलांडते, म्हणून एकाच सिग्नलचे ६० सेकंद मोजले जात होते. १५ मीटरच्या आतले नोड एकत्र करून हा दोष काढला. ही मर्यादा २५ मीटर करून पाहिली, तेव्हा शेजारचे दोन वेगळे चौक एक झाले, म्हणून १५ वरच ठेवली.

२१ जानेवारी, मंगळवार

कोणते रस्ते जाळ्यात सर्वांत जास्त मार्गांच्या वाटेवर येतात हे दाखवणारे ‘बिटवीननेस’ मूल्य काढले. सगळ्या नोडांसाठी हिशेब लावून झोपलो, तर सकाळी संगणक अडकून पडलेला होता. दुसऱ्यांदा सगळ्या नोडांऐवजी यादृच्छिक ५०० नोड निवडून हिशेब केला आणि तो चाळीस मिनिटांत झाला. नदीवरचा मोठा पूल गडद लाल आला. सगळे शहर ज्याला कोंडीचा पूल म्हणते तोच पूल लाल आल्यामुळे आपले काम बरोबर चालले आहे, असे आम्हा तिघांनाही वाटले.

दोन दिवसांनी शांतपणे विचार केल्यावर त्या नकाशाचे महत्त्व कमी झाले. हे मूल्य प्रत्येक नोडपासून प्रत्येक नोडकडे सारखीच वाहतूक जाते असे धरते. जुन्या वस्तीत दर ४० मीटरला गल्ली फुटते म्हणून तिथे नोड खच्चून भरलेले आहेत, आणि जिथे हजारो लोक कामाला जातात त्या औद्योगिक भागात ते मोजकेच आहेत. म्हणजे ज्या भागात गल्ल्या जास्त, त्या भागाला हिशेबात वजन जास्त. पूल लाल आला याचे कारण नदीवर दुसरी वाट जवळ नाही एवढेच. तिथे वेळ किती जातो याबद्दल हा नकाशा काहीच सांगत नाही. तो शेवटच्या अहवालातून काढून टाकला.

२४ ते ३१ जानेवारी

प्रत्यक्ष फेऱ्या. प्रत्येकाने कार्यालयात जाता-येता आणि मुद्दाम ठरवलेल्या नऊ मार्गांवर फिरताना मोबाइलवर दर सेकंदाला स्थान नोंदवायचे, असे ठरले. एखाद्या नकाशा-सेवेकडून वाहतुकीच्या वेळा घेऊन साठवण्याचा विचार होता, पण अशा सेवांच्या अटी वाचल्यावर साठवणीवरच्या बंधनांमुळे तो सोडला. मोकळ्या रस्त्याचा वेळ मिळवण्यासाठी पहाटे साडेचार ते साडेपाच या वेळात तेच मार्ग तीन-तीन वेळा धरले. नकाशात ‘मॅक्सस्पीड’ची खूण दहातल्या एखाद्या रस्त्यावरच होती, आणि वेगमर्यादा म्हणजे प्रत्यक्षात मिळणारा वेग नव्हेच, म्हणून पहाटेची जागरणे आवश्यक होती.

पहिल्या तीन दिवसांतल्या सहा फेऱ्या वाया गेल्या. पडदा बंद झाला की बॅटरी वाचवण्यासाठी मोबाइल नोंदणी थांबवत होता, आणि नोंदीत दोन किलोमीटरची सरळ रेष उमटत होती. नोंदणी करणाऱ्या अॅपला बॅटरीच्या त्या बंधनातून वगळल्यावर हे थांबले.

गर्दीचा आलेख काढल्यावर कोंडीची वेळ भलतीच आली. फेरीची नोंद ज्या जीपीएक्स फाइलमध्ये होते तिच्यात वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहिलेली असते. ती स्थानिक वेळेत बदलणे आम्ही विसरलो होतो. एका सहकाऱ्यांच्या फाइली आधीच स्थानिक वेळेत बदलून आलेल्या होत्या, त्यामुळे सगळ्यांना एकदम सारखे तास मिळवणेही चुकीचे ठरले असते. प्रत्येक फाइल उघडून पाहावी लागली.

खरी अडचण बिंदू रस्त्यावर बसवताना आली. मोबाइलच्या जीपीएसची चूक उघड्या आकाशाखालीही सुमारे ५ मीटर असते आणि उंच इमारतींमध्ये ती बरीच वाढते. प्रत्येक बिंदू जवळच्या रेषेवर बसवला, तेव्हा एकच गाडी मुख्य रस्ता, सर्व्हिस रोड, उड्डाणपूल आणि परत मुख्य रस्ता अशी क्षणाक्षणाला उड्या मारू लागली. एकेका बिंदूपेक्षा बिंदूंची पूर्ण मालिका पाहून ती कोणत्या सलग मार्गावर बसते हे ठरवणारी पद्धत ओएसआरएम या मार्ग काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ‘मॅच’ सेवेत आहे. ती वापरल्यावर बहुतेक फेऱ्या नीट बसल्या. उड्डाणपुलावरून गेलो की खालून, हे मात्र पुलाखालच्या फेऱ्यांत तिलाही नेहमी ओळखता येईना. त्या फेऱ्यांसाठी आम्ही निघतानाच कागदावर ‘वरून’ किंवा ‘खालून’ असे लिहून ठेवू लागलो. प्रत्येक फेरीची पहिली व शेवटची २०० मीटर कापून टाकली, म्हणजे कोणाचे घर कुठे आहे हे माहितीवरून कळणार नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सरासरी चुकीची काढत होतो हे आज कळले. एका किलोमीटरच्या रस्त्यावर एका फेरीत ताशी ४० आणि दुसऱ्या फेरीत ताशी १० किलोमीटर वेग मिळाला, तर आम्ही सरासरी २५ लिहीत होतो. पहिल्या फेरीला दीड मिनिट लागले आणि दुसरीला सहा. म्हणजे दोन किलोमीटरला साडेसात मिनिटे, आणि खरा सरासरी वेग ताशी १६ किलोमीटर. वेगांची सरळ सरासरी घेतली की कोंडी नेहमी कमी दिसते, आणि रस्ता जितका बेभरवशाचा तितकी ती जास्त लपते. एकूण अंतर भागिले एकूण वेळ हाच हिशेब सगळीकडे केला. नकाशातल्या ११ रस्त्यांचा रंग एका पायरीने गडद झाला.

८ फेब्रुवारी, शनिवार

नदीवरच्या मोठ्या पुलाचा दुवा. हा नकाशात १.१ किलोमीटरचा एकच दुवा होता आणि संध्याकाळच्या २२ फेऱ्यांवरून त्याचा वेग ताशी १२ किलोमीटर आला, म्हणून पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल होता. माझ्याच फेऱ्यांपैकी एक सेकंदासेकंदाने पाहताना मला आठवले की त्या दिवशी मी पुलावर कुठेच थांबलो नव्हतो.

जाळे सोपे करताना ओएसएमएनएक्स चौक नसलेले मधले नोड काढून टाकते. पुलाचा ७५० मीटरचा भाग आणि पूल उतरल्यापासून चौकापर्यंतचे ३५० मीटर यांच्यामध्ये चौक नाही, नुसती ‘ब्रिज’ची खूण बदलते, म्हणून दोन्ही मिळून एक दुवा झाला होता. सगळे मुख्य रस्ते ५० मीटरच्या तुकड्यांत कापले आणि वेळा पुन्हा वाटल्या. पुलाचे ७५० मीटर ७० सेकंदांत पार होत होते. पहाटे ते ६५ सेकंदांत झाले होते. उरलेल्या ३५० मीटरला २६० सेकंद लागत होते, आणि पहाटे फक्त ३५. पुलावर कोंडी नव्हतीच. वाईट दिवशी रांगेचे शेपूट पुलाच्या उतारापर्यंत चढते, आणि पुलावर अडकलेल्याला पूलच अरुंद वाटतो.

तुकडे करण्याचे हे काम आम्ही पहिल्याच आठवड्यात करायला हवे होते. दुव्यांची लांबी ४० मीटरपासून दीड किलोमीटरपर्यंत कशीही असताना त्यांच्या वेगांची तुलना आम्ही महिनाभर करत राहिलो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी साडेपाच ते सात पूल उतरल्यानंतरच्या चौकात उभे राहून मोजणी केली. सिग्नलचे पूर्ण आवर्तन १२० सेकंदांचे आणि पुलाकडून येणाऱ्यांना हिरवा दिवा २८ सेकंद. सुरुवातीचे दोन सेकंद निघण्यात जातात, त्यानंतर एका मार्गिकेतून साधारण दर दोन सेकंदांना एक गाडी सुटते. म्हणजे दोन मार्गिकांतून एका आवर्तनात सुमारे २६ गाड्या सुटायला हव्यात. दुचाकींना मोटारीच्या प्रमाणात धरून आम्ही ४५ आवर्तने मोजली आणि सरासरी १५ आली.

कारण डोळ्यांसमोर होते. थांबारेषेच्या अलीकडे सुमारे २५ मीटरवर कडेच्या मार्गिकेत एक गाडी उभी होती. ती गेली की दुसरी येऊन उभी राहत होती. दीड तासात ती जागा एकदाही पाच मिनिटे सलग मोकळी राहिली नाही. रेषेपाशी दोन मार्गिका होत्या, पण तिथे पोचायला एकच. मागून येणारी प्रत्येक गाडी आधी आत वळून मग पुन्हा बाहेर पसरत होती आणि तेवढ्यात हिरवा दिवा संपत होता. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये या रस्त्याला ‘लेन्स’ २ लिहिले आहे आणि ते बरोबर आहे. उभ्या गाड्यांची ती जागा मात्र कोणत्याही थरात नव्हती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गर्दीत वेळ किती वाढेल हे सांगणारे, बीपीआरचे (अमेरिकेचे ब्यूरो ऑफ पब्लिक रोड्स) १९६४ सालापासून वापरात असलेले सूत्र लावून पाहिले: मोकळ्या रस्त्याचा वेळ गुणिले (१ अधिक ०.१५ गुणिले वाहतूक-क्षमता गुणोत्तराचा चौथा घात). आमच्या मोजणीनुसार चौकातून ताशी ४५० गाड्या जात होत्या आणि दोन मार्गिकांची क्षमता ताशी ७८० धरली होती, गुणोत्तर ०.५८ आले आणि सूत्राने सांगितले की वेळ २ टक्क्यांहूनही कमी वाढेल. प्रत्यक्षात तो सातपटीहून जास्त वाढला होता. दोष सूत्राचा नव्हता, आम्ही त्यात घातलेल्या आकड्यांचा होता. रांग लागलेली असताना रेषा ओलांडणाऱ्या गाड्या मोजल्या की किती गाड्या सुटू शकल्या एवढेच कळते. किती गाड्यांना जायचे होते ते मागे रांगेत उभे असते. रस्ता जितका तुंबेल तितके हे गुणोत्तर उलट कमी दिसते. रांगेच्या शेपटाशी येणाऱ्या गाड्या मोजायला माणूस नव्हता, म्हणून सूत्राचा नाद सोडला आणि मोजलेल्या वेळांवरच भिस्त ठेवली.

१६ फेब्रुवारी, रविवार

नकाशाची मांडणी. क्यूजीआयएसला रंगांच्या पायऱ्या आपोआप पाडायला सांगितल्या होत्या; त्याने सकाळच्या आणि संध्याकाळच्या नकाशाला वेगवेगळ्या पायऱ्या दिल्या, त्यामुळे दोन्हीकडे तोच लाल रंग वेगळाच विलंब दाखवत होता. पायऱ्या हाताने ठरवल्या: ३०, ६०, १२० आणि २४० सेकंद प्रति किलोमीटर, दोन्हीकडे त्याच. लाल-हिरवा हा फरक काहींना दिसत नाही, म्हणून एकाच रंगाच्या फिकट-गडद छटा घेतल्या. ज्या तुकड्यावर ५ पेक्षा कमी फेऱ्या होत्या तो करडा ठेवला. नकाशाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग करडा झाला आणि सहकाऱ्यांना ते खटकले. पण जिथे आपण मोजलेच नाही तिथे रंग भरणे मला मान्य नव्हते, आणि शेवटी त्यांनाही ते पटले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

१७ ते २१ या पाच दिवसांच्या फेऱ्या मुद्दाम नकाशात न घालता बाजूला ठेवल्या होत्या. आज त्यांच्याशी नकाशा ताडून पाहिला. नऊपैकी सात मार्गांवर नकाशावरून काढलेली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ यांत दोन मिनिटांच्या आत फरक आला. उरलेले दोन्ही मार्ग एका शाळेसमोरून जातात. आमच्या आधीच्या फेऱ्यांपैकी बऱ्याच शाळा सुटण्याच्या वेळेनंतरच्या होत्या, म्हणून तिथला विलंब नकाशात निम्माच आला आहे. त्या दोन रस्त्यांवर नकाशात तशी टीप लिहिली आहे आणि तिथल्या दुपारच्या फेऱ्या ३ मार्चपासून करायच्या ठरल्या आहेत.

आतापर्यंतचे तास लिहून ठेवतो: जाळे बांधणे आणि दुरुस्त करणे ६८, फेऱ्या ५४, फेऱ्यांची माहिती स्वच्छ करून रस्त्यांवर बसवणे ४१, चौकातील मोजणी ९, नकाशा काढणे १२. चौकातल्या त्या ९ तासांत पुलाबद्दल जे कळले ते आधीच्या सगळ्या तासांत कळले नव्हते. तरीही कोणत्या चौकात जाऊन उभे राहायचे हे आम्हाला ५० मीटरच्या तुकड्यांनीच सांगितले. त्याच नकाशात गडद आलेले आणखी तीन चौक आहेत. पुढच्या आठवड्यात तिथे उभे राहायचे आहे: एकाने थांबारेषेशी आणि एकाने रांगेच्या शेपटाशी.